आबांची चिठ्ठी

आबा वडाळा डेपोत टाइमकीपर होते.
रिटायर झाले त्याच आठवड्यात
जुन्या ड्युटी-शीटच्या पाठकोऱ्या बाजूला
त्यांनी माझा घरी यायचा रस्ता लिहिला:
फोर्ट ते चेंबूर, पायी. सगळंच बंद पडलं तर.

भायखळ्याला पुलावर चढू नये.
लालबागला कांदळगावकर मावशींकडे पाणी, संडास.
दादर टीटीला फ्रामजींच्या दुकानात फोन आहे, पैसे घेत नाहीत.
आणि खाली दोनदा रेघ मारून: चपला बदल.

मी हसले होते.
घडी पर्सच्या चोरकप्प्यात राहिली, नऊ वर्षं.

त्या मंगळवारी वीज गेली, तासाभराने फोनही मुके.
जिन्यात कुणीतरी म्हणालं, आता गं?
मी टेबलाखालून कॅनव्हासचे बूट ओढले.

मावशींच्या चाळीच्या जागी तेहतीस मजले.
वॉचमनने बाटली भरून दिली, नाव न विचारता.
फ्रामजींचं शटर गंजलेलं,
तरी थांबले तिथे दोन मिनिटं,
चिठ्ठीत होतं म्हणून.

पावणेबाराला दार आबांनीच उघडलं,
एका हातात टॉर्च, दुसऱ्यात घड्याळ.
"सायनला उजवीकडेच वळलीस ना?"
मग टॉर्च माझ्या पायांवर धरला जरा वेळ,
आणि आत जाऊन
वहीत वेळ लिहिली.