लँचेस्टर, उद्यमबाग

शेडमध्ये आली ती ट्रॉलीवर आडवी पडूनच,
टायर गेलेले, पोटात बाभळीचं रोप.
इनास मेस्त्रीनं ते मुळासकट काढलं,
ग्रीसच्या रिकाम्या डब्यात लावलं,
मग म्हणाला, हां, आता बॉनेट उघड.

मी पॅटर्नमेकर. माझं काम ओतण्याआधीचं, लाकडातलं.
सागात पंप कोरायचा, हव्या त्या मापाहून
केसभर मोठा, कारण लोखंड थंड होताना आकसतं.
पण पंपाला अवकाश होता. आधी रंग.
पाण्याचा कागद, बादली, बाळेश बडिगेर आणि मी.
पंधराव्या दिवशी बाळेश म्हणाला, साक री,
हातावरच्या रेषा गेल्या माझ्या.

वरचा पांढरा लग्नाचा.
शहापुरात हुसेनसाब बँडवाला ही वरातीला द्यायचा
तेव्हा इंजिन बंद पडून वर्षं झाली होती.
चार पोरं मागून ढकलायची,
आणि नवरदेव म्हणायचा, काय मऊ चालते!

पांढऱ्याखाली निळा. निळा ओला झाला
की शेडभर तंबाखूचा वास.
निपाणीच्या सातगोंडा शेटनं मागची सीट काढून
पोती भरली होती हिच्यात.
दोन दिवस बाळेश शिंकत होता.

त्याखाली एक हिरवट, पातळ, ब्रशनं मारलेला.
हा कुणाचा, कळलं नाही.
कागदांतही तेवढ्या चार वर्षांना मालक नाही.

कागदांची पिशवी वेगळी आली होती:
मोडीतली एक पावती, मुंबई इलाख्याचं इंग्रजी पुस्तक,
मग म्हैसूर, मग कन्नडातला गोल शिक्का.
त्यातली बरीच वर्षं ही खानापूरकडच्या एकाच गोठ्यात
म्हशींशेजारी उभी. जागची हलली नाही.
राज्यंच येऊन शिक्के मारून गेली.

तळाला मरून. नखाएवढा पापुद्रा,
पण उन्हात धरला तर अजून ओला वाटावा असा.
पहिले मालक देसाई. मोडीतल्या पावतीवर त्यांची सही,
घोड्यावर बसल्यासारखी.

खिडक्यांना पडद्याच्या पितळी कड्या होत्या.
मागच्या खिडक्यांना असायच्याच, बायकामाणसांसाठी.
इनास म्हणाला, इकडे ये. ही बघ.
पुढच्या, स्टिअरिंगच्या खिडकीलाही कड्या.
ड्रायव्हरला पडदा कशाला?

मी खाली वाकलो.
क्लचच्या पॅडलवर लाकडी ठोकळा, चार स्क्रू,
शिसवी, दोन बोटं जाड.
कुणातरी बुटक्या माणसाचा पाय पोचावा म्हणून.
लाकूड मला खोटं सांगत नाही.
बुटाच्या तळानं असं झिजत नाही ते.
हे अनवाणी पावलानं झिजलेलं,
चवड्याशी खोल, अंगठ्याला वेगळी खोबण,
आणि पाऊल माझ्या हाताच्या पंज्याएवढं.
एकदोन रात्रींत नाही होत हे.
वर्षं लागतात.

बाळेशनं कागदाची बादली लाथेनं सरकवली
आणि कितीतरी वेळ कुणी काही बोललं नाही.

मडगावचे कुंकळ्येकर शेट गाडी बघायला आले.
कड्या बघून म्हणाले, छान, राजेशाही.
ठोकळा बघून म्हणाले, हे काय जुगाड? काढा.
ओरिजनल पाहिजे मेस्त्री, कारखान्यातून निघाली तशी.
पैसे त्यांचे. स्क्रू मी काढले.
तीन सुटले, चौथ्यानं अर्धा दिवस घेतला.

पंप ओतला, घासला, बसला.
मरूनचे अकरा हात दिले.
मग सकाळी सातला ही खोकली, थांबली,
आणि मग असा आवाज की शेजारच्या फौंड्रीतली माणसं
हातातला चहा घेऊन दारात आली.
इनासनं टोपी काढली. का, त्यालाच ठाऊक.

बिल मी लिहिलं.
पाण्याचा पंप, नग एक. कड्या, पॉलिश, नग बारा.
लाकडी ठोकळा, नग एक, मालकास परत.
मालकाच्या रकान्यात पेन टेकवलं
आणि तसंच उचललं.

बाभळीला आता काटे आलेत.
ठोकळा फळीवर आहे, पंपाच्या पॅटर्नजवळ.
बाळेश धूळ झटकतो तेव्हा
त्याच्यावर फडकं मारत नाही, फुंकर घालतो.