जांभळी बॅटरी

मे महिन्यात ग्वाल्हेरला ऊन पडत नाही,
उभं राहतं,
किल्ल्याच्या दगडाला पाठ लावून,
आणि अकरानंतर लश्करात उतरतं वसुलीला.

बाबांनी त्याच्यासमोर एकतीस वर्षं काढली.
फूलबाग चौक, पांढरे हातमोजे,
डोळे उघडे.
गॉगल? तो साहेबांनी घालायचा,
नाहीतर सिनेमातल्या चोरांनी.
हवालदार जगदाळे नुसत्या भुवया आखडून
ट्रक थांबवत.

आता त्यांच्या उजव्या डोळ्यात, नाकाच्या बाजूने,
मांसाचा एक पातळ पडदा
बुबुळाकडे सरकतोय.
वर्षाला अर्ध्या तिळाएवढा.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऊन आणि धूळ.
कापायचं नंतर बघू, आधी नीट चष्मा घ्या.
‘नीट’खाली त्यांनी दोन रेघा मारल्या.

म्हणून मी पाटणकर बाजारात.
फुटपाथवर दोरीला लटकलेले चष्मे,
निळे, सोनेरी, आरशाचे,
आणि प्रत्येकात मी,
घामेजलेली, पिवळ्या ओढणीची, दीडशे रुपयांत.
सगळ्यात काळा होता तो उचलला.
काळा म्हणजे जाड, जाड म्हणजे भक्कम;
दुलईचा हिशोब मी उन्हाला लावत होते.

तरी त्या दोन रेघा.
वाट वाकडी करून हेमनदासकाकांकडे गेले.
त्यांनी माझ्याकडूनच शंभराची नोट मागितली,
पंखा बंद केला, नोट काचेवर पसरली,
आणि वरून जांभळी बॅटरी मारली.
अंक पेटले. धागा पेटला.
मध्ये माझा काळाकुट्ट धरला
तर धागा पेटलेलाच.
मंद, पण पेटलेला, राखेखालच्या निखाऱ्यासारखा.
मग त्यांनी खणातून एक काच काढली,
फिक्या चहाच्या रंगाची,
पलीकडचं माझं बोट स्वच्छ दिसेल अशी.
धागा विझला.

“देख बेटा,” म्हणाले, आणि मग माझ्याकरता
आपल्या सिंधी मराठीत आले,
“अंधार झाला की बाहुली मोठी होते.
तिला वाटते, रात्र आहे. दरवाजा पूरा उघडते.
आणि हा जो दिसत नाही ना, तो आत.”

मला आमच्या मधल्या खोलीचे पडदे आठवले,
आईच्या आजारात ओढून घेतलेले, गडद, दुहेरी.

“आणि हा चारशेवाला स्टिकर?” मी विचारलं.
“स्टिकर तो आंब्यावर पण असतो.”
बॅटरी खिशात गेली, पंखा सुरू झाला.
फ्रेम घेतली कानशिलाकडे वळणारी,
भुवईला टेकणारी,
कारण ऊन काही समोरूनच येत नाही.
साडेअकराशे सांगितले, हजारपन्नास दिले.
दीडशेवाला पर्समध्ये तसाच राहिला.

बाबांनी खिडकीपाशी धरून पाहिला.
“ही तर पांढरीच आहे. गंडवलं तुला.”
मी नोट काढली, बाहुलीचं सांगितलं,
दरवाजाचं सांगितलं.
माझ्याकडे बॅटरी नव्हती.
ते ऐकत होते, म्हणजे
तक्रारदाराचं ऐकतात तसं.

दुपारी एकला मात्र फाटकात उभे दिसले.
चष्मा लावलेला, भुवया सैल,
कित्येक वर्षांनी पहिल्यांदा सैल.
उलट्या बाजूने एक ई-रिक्षा घुसली
आणि त्यांचा तळवा आपोआप वर गेला.
रिक्षा थांबली. का, ते रिक्षावाल्यालाही कळलं नसेल.

संध्याकाळी स्टिकर खरवडायला गेले
तर माझं मनगट धरलं.
“राहू दे. कोणी विचारलं तर दाखवायला कागद पाहिजे.”

तेव्हापासून ते जग बघतात
डाव्या कोपऱ्यात एक चंदेरी ठिपका ठेवून.
मांजर त्याच्याआड गेलं
की मान थोडी कलती करतात.