शिट्टी नसलेलं भांडं

सकाळी सहा-पन्नासला मी दुधी चिरते,
सालं बाजूला ठेवते, चटणीला होतात.
रात्री भिजवलेले अख्खे मसूर,
एक गाजर, बोटाच्या पेराएवढं आलं,
हळद, चार मिरे, तेल चमच्यानं मोजून
सगळं त्या जाड काळ्या भांड्यात लोटते,
बटण ‘मंद’वर फिरवते
आणि मकरपुऱ्याच्या बसमागे धावते.

धैर्यशील त्याआधीच सुरतेच्या फेरीवर गेलेला.
ओजसची रिक्षा खाली भोंगा वाजवत असते,
शर्वाणी दुसरा मोजा शोधत असते,
मग दार लागतं
आणि घरात उरतात बाबा
आणि ते भांडं.

बाबांना ते पहिल्यापासून पटलं नाही.
बत्तीस वर्षं काचेच्या कारखान्यात बॉयलर सांभाळलेला माणूस,
दर तासाला वहीत दाब लिहिणारा.
“वाफ नाही, दाब नाही, शिट्टी नाही,
मग आत काम कोण करतंय?”

खरंच, आमच्याकडे स्वयंपाक कानानं व्हायचा.
तुरीला चार, बटाट्याला दोन,
पाचवी झाली की आतल्या खोलीतून बाबांची हाक, गॅस!
भिंतीपलीकडे ज्योत्स्नाबेनसुद्धा मोजायची.
हे भांडं आल्यावर दुसऱ्याच दिवशी तिनं विचारलं,
“आजे दाळ नथी?”

एकच पथ्य होतं: झाकण उघडायचं नाही.
उघडलं की अर्ध्या तासाची ऊब निघून जाते.
पहिल्या आठवड्यात मसूर तीनदा कच्चे राहिले.
आम्ही खाखरा आणि दही खाल्लं,
बाबांकडे कुणी पाहिलं नाही,
बाबांनीही कुणाकडे पाहिलं नाही.

मग मे महिन्यातला तो मंगळवार.
मी लॅबमध्ये पावडरी तोलत होते,
ज्योत्स्नाबेनचा फोन, सोसायटीची लाइट गेली.
कधी येणार, कुणाला माहीत.
घरी फोन लावला. वाजून वाजून थांबला.
पुन्हा लावला.
बेचाळीस डिग्रीत अर्धवट शिजलेलं वरण
माझ्या डोक्यात दुपारभर आंबत राहिलं.
येताना रावपुऱ्यात उतरून
सेवउसळ बांधून घेतली, पाच जणांची,
पिशवीच्या तळाशी लाल तर्री गळत होती.

दार उघडलं तर घरभर आल्याचा वास.
ओट्याजवळच्या खुर्चीत बाबांचा जुना खाकी कोट,
घडी घातलेला, बाहीला हळद लागलेली.
आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर
पेन्सिलीनं, रकाने आखून:

११.१० वीज गेली. झाकण बंद.
११.१२ कोट गुंडाळला.
११.३५ बाहेरून हात लावला. चटका.
११.४८ वीज आली. कोट काढला.
३.०० कान लावला. बुडबुड, बारीक.
४.०० तसेच.
५.०० वास आला.

“फोन का नाही उचलला, बाबा?”
“ड्युटीवर होतो.”

मुलांनी सेवउसळ खाल्ली, अर्थातच.
बाबांनी मसूर घेतले, दोन वाट्या,
दुधी चमच्यानं दाबून पाहिला, तो आपोआप पसरला.
“मीठ कमी आहे.”
डॉक्टरनं सांगितलंय, मी म्हटलं.
“डॉक्टरनं बॉयलर चालवलाय का कधी?”
म्हणाले, आणि तिसरी वाटी पुढे केली.

दहा वाजता ते झोपले.
भांडं ‘ऊब’वर होतं, छोटा केशरी दिवा लागलेला.
बंद करावं म्हणून मी हात नेला,
तेव्हा खाली आणखी एक ओळ दिसली,
घाईत लिहिलेली, रकान्याबाहेर गेलेली:

९.५५ सुरतेची गाडी अजून आली नाही.
एक माणूस जेवायचा आहे. चालू ठेवणे.