पोटातलं टपाल

दर दोन वर्षांनी ते पाकीट येतं.
मी हातानेच ओळखते: वीजबिल हलकं,
कॅनडातल्या मुलाचं पत्र मऊ,
आणि ह्याच्या आत काहीतरी ताठ,
काडीएवढं, नळीएवढं.
त्यावरून लुईस बेटाच्या ह्या टोकाला
कुणाला पन्नाशी लागली ते मला कळतं.
वाढदिवसाचं कार्ड मागच्या दारानं जातं,
हे पुढच्या दारानं, आणि कुणी हात पुढे करत नाही.
"ठेव तिथं," म्हणतात,
जणू चावेल.

टॉर्किल मॅकऑले मात्र एप्रिलात
माझ्या गाडीलाच आडवा येतो, हातात डबी.
दहा मेंढ्यांच्या लेंड्या, अजून कोमट.
लाल ठिपकेवालीच्या जरा सैल,
काळ्या तोंडाचीच्या छान, गोळीबंद,
असं सांगतो, नातवंडांचे गुण सांगावेत तसं.
"आजच निघायला हवं हं.
जंतांची अंडी मोजायची आहेत.
उद्यावर गेलं की फुटतात."

एकदा पार्सलाच्या सहीसाठी
पेन शोधत त्याने खण उघडला.
सुतळी, विझलेली बॅटरी, पेगीचा चष्मा.
त्याखाली तीन पाकिटं, डिंक न सुटलेली.
दोन त्याची.
एकावर पेगीचं नाव.

पेगी कशाने गेली?
पोटाचं काहीतरी, एवढंच गाव म्हणालं.
आमच्याकडे पोटातलं ओठांवर येत नाही,
चर्चच्या बाकावर तर नाहीच.
चहाला केक असतो, हवामान असतं.

मी सही घेतली. जाताना म्हणाले,
"मेंढीची लाज वाटत नाही तुला."
तो म्हणाला, "मेंढीला रविवारी
लोकांत बसायचं नसतं."

दोन आठवडे काही नाही.
मग एका सोमवारी, रविवार संपल्याची खात्री करून,
तो फाटकाशी उभा. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं,
त्यावर पिशवी, त्यावर गवताच्या गाठोड्याची निळी दोरी,
मेंढ्यांच्या डबीला मारतो तीच गाठ.
"हे असं नाही पाठवत," मी म्हटलं.
गाडीच्या बॉनेटवर सोडून दिलं.
आतलं पाकीट छोटं, स्वच्छ,
पत्ता आधीच छापलेला, तिकीट माफ.
त्याने तारीख वळणदार अक्षरात लिहिली होती,
बायबलच्या पहिल्या पानावर
जन्म लिहितात तशी.

उत्तर दोन पानी आलं. मला जाडी कळली.
कळली तरी मी तोंड उघडलं नाही.
मंगळवारी तो अंत्ययात्रेचा कोट घालून
स्टॉर्नोवेच्या बसला चढला.
आदल्या दिवशी फक्त पाणी आणि ते औषध,
"रात्रभर परसाकडे," तो पुढे सांगायचा,
आणि हे सांगताना हसायचा, तेही मोठ्याने,
दुकानात, दुधाच्या रांगेत.
आतून दोन गाठी काढल्या. बोटांनी दाखवायचा:
एक मटाराएवढी, एक त्याहून जराशी.
दुसऱ्या गाठीचं काय, ते डॉक्टर अजून सांगणार होते.
तिथे त्याची बोटं थांबायची.

पेगीच्या पाकिटाचं काय केलं,
मी विचारलं नाही.

आता माझ्याच पिशवीत माझं आलं आहे.
छापलंय युफेमिया मॅकरिची; घरात मी ऑयरिक.
तीन दिवस ते गाडीत फिरवलं,
बाकी सगळ्यांचं वेळेवर पोचवलं.
समुद्रापलीकडचं हवामानसुद्धा
मी लोकांना तोंडपाठ सांगते,
आणि एक काडी भिजवायला
माझा हात धजत नव्हता.

आज पहाटे, वारा छपरावर बसलेला असताना,
धजला. नळीचं झाकण टक्‌कन बसलं.
तेवढाच आवाज.

फाटकाशी टॉर्किल, हातात डबी.
माझ्या खिशातून वर आलेला कोपरा त्याने पाहिला.
काही बोलला नाही, फक्त
पिशवीचं तोंड माझ्यासाठी धरून उभा राहिला.
आधी त्याच्या काळ्या तोंडाचीचं गेलं,
मग माझं, शेजारी,
दुपारच्या विमानाला.