कॅलेंडरच्या पाठीवरचा देश

शिमोन मास्तर गेले, तेव्हा एलियाच्या वाट्याला आलं
खताच्या कंपनीचं एक जुनं कॅलेंडर.
पाठीवर निळ्या शाईत पवित्र देश काढलेला,
पण गावं सगळी आपली.
प्रकाशाजवळची तापी म्हणजे यार्देन,
उनपदेवचं ऊन कुंड बेथेस्दा,
तोरणमाळ सिनाय,
नंदुरबारला यरीहो, आणि खाली बारीक अक्षरात:
तट नाही, बस स्टँड आहे.

मास्तर नवापूर सोडून फारसे कुठं गेले नव्हते.
रविवारच्या शाळेत म्हणायचे,
लांबचं नाव जवळच्या झाडाला बांधा रे,
नाहीतर सुटून जातं.

एप्रिलात निघालो तिघं,
एलिया गावीत, जब्बार पिंजारी आणि मी.
मिळून चारशे साठ रुपये.
म्हणून पाय. आणि पाय संपले की अंगठा.

विसरवाडीपर्यंत कोंबड्यांचा टेम्पो,
केसांत पिसं घेऊन उतरलो.
पुढं भुशाची ट्रॉली. ड्रायव्हरनं विचारलं,
कथा चालनात रे भो?
एलिया म्हणाला, यरीहोला.
त्यानं गिअर टाकता टाकता विचार केला,
ते नंदुरबारना पुढे शे का मांगे?

यार्देन दुभंगली नाही. पूल होता.
एलिया पँट दुमडून गुडघाभर उतरला,
आभाळातून कुणी काही बोललं नाही,
एक पाणकावळा तेवढा पंख वाळवत बसलेला.
माझ्या काकांची राख याच पाण्यात गेली होती.
मी ते बोललो नाही,
फक्त ओंजळभर पाणी तोंडावर मारलं.

बेथेस्दाला एक म्हातारा काठावर बसून होता,
नडगीवर खरूज. पोरांनो, मला धरा जरा, निसरडं आहे.
जब्बारनं त्याला काखेत हात घालून उतरवलं,
भिजला, परत वर काढलं.
वाटेत एलिया म्हणाला, पुस्तकातल्या त्या माणसाला
अडतीस वर्षं कुणी धरलं नव्हतं.
जब्बार म्हणाला, वजन होतं रे म्हाताऱ्याला.

म्हसावदच्या पुढं अंधार पडला,
आणि अंगठ्याला एक ट्रक थांबला.
आत माणसं, हंडे, गोधड्या, दोन शेळ्या,
पाळण्यासारखं झोळीत लटकलेलं पोर.
ऊस तोडून परत चाललेली.
कुठून? विचारलं तर म्हणाले, बारडोली.
एलिया गप्प झाला.
नकाशाच्या डाव्या कडेला, शाई जिथं फुटलीय,
तिथं मास्तरांनी लिहिलं होतं: मिसर, बारडोलीकडे.
हे आम्ही इतके दिवस गंमत म्हणून वाचत होतो.

होमलीबाईनं मक्याची भाकर काढली,
वर लाल मिरचीचा ठेचा.
ठेवायला काही नव्हतं, म्हणून नकाशाच पसरला.
तिनं विचारलं, डोंगर चढायला कोण पैसे देतं तुम्हाला?
कुणीच नाही म्हटल्यावर
सगळा ट्रक हसला, झोळीतलं पोर उठलं.

राणीपूरच्या शाळेच्या ओट्यावर
बॅटरीच्या उजेडात कागद पुन्हा उघडला.
ठेच्याचं तेल पसरलेलं, दोन गावांच्या मधे,
जिथं मास्तरांनी काहीच लिहिलं नव्हतं.
एलिया बराच वेळ बेथलेहेम शोधत होता.
भाकरीचं घर असा अर्थ होतो त्याचा, म्हणाला,
आणि मास्तर तेच कसं विसरले?
जब्बार घोरत होता.
मी बॅटरी विझवली.

सकाळी सिनाय समोर होता, वर ढग नाही, धूर नाही,
नुसता घाट.
आणि जब्बारच्या चपलेचा अंगठा तुटला होता.