चौविहार

बेनाडीच्या माळाला आदगोंडा अण्णांचे चारशे खांब.
सिमेंटचे. प्रत्येकाच्या डोक्यावर जुनं टायर
आन टायरातनं खाली सुटलेलं हिरवं, काटेरी,
न्हाऊन केस मोकळं सोडल्यागत.

आधी हितं तंबाखू होती.
माझ्या बोटांचा वास अजून तिचाच हाय.
साबणानं जात न्हाई, लिंबानं जात न्हाई.

अण्णा दिवस बुडायच्या आत जेवत्यात,
मग पाण्याचा घोटबी न्हाई.
आन पीक घेतलंय असलं
जे तोंड उघडतंय रात्री नवाच्या पुढं.

कपाळाला बॅटरी बांधून फिरताव आम्ही.
हातात रंगाऱ्याचा ब्रश, निपाणीतनं आणलेला.
ह्या फुलातली पिवळी भुकटी त्या फुलात.
फूल ताटाएवढं, पांढरं,
तोंड जवळ नेलं की गार लागतंय.
पलीकडच्या सरीतनं शिवव्वा वरडती, "हूव अरळ्याव री!"
ती मोजती कन्नडात, मी मराठीत.
एक-दोनाचा फरक पडतोय,
तो आम्ही वटवाघळाच्या नावावर लिवताव.

शेजारच्या चिदानंदनं बल्ब लावल्यात.
थंडीतबी फुलं काढतोय,
रात्रभर रान मांडवागत उजळलेलं,
आन सकाळी बल्बाखालची मेलेली पाखरं
टोपलीनं भरून टाकायची.
अण्णांच्या पोरानं वायर आणली होती. गुंडाळी तशीच पडलीय,
गोठ्यात, वैरणीच्या मागं.
"आपल्याला न्हाई जमायचं ते," एवढंच म्हणालं म्हातारं.

उजाडतंय, फूल मान टाकतंय वल्या फडक्यागत,
आन अण्णा पाण्याचा तांब्या उचलत्यात.

महिन्यानं फळ. गुलाबी, कोंबड्याच्या तुऱ्यागत.
कापलं की आत बियाच बिया, तिळापरास बारीक.
"एवढे जीव," म्हणत्यात, आन सुरी पुसून ठेवत्यात.
सात वर्षं झाली, जिभेला लावलं न्हाई.
फकस्त इचारत्यात, "गोड हाय काय गं, तानूबाई?"

काय सांगायचं.
एकदा म्हणालो, पाण्यासारखं.
एकदा म्हणालो, काकडी साखरेत बुडाल्यागत.
एकदा कटाळून म्हणालो, काय इशेष न्हाई,
तर त्यांचं तोंड असं उतरलं
की दुसरं फळ तिथंच बांधावर फोडलं
आन खाल्लं, बिया दातात कुडूकुडू वाजवत,
त्यास्नी ऐकू जावं म्हणून.