गुरुवारचे वाटाणे

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तूलिक्कीनं
हेलसिंकीतल्या मोठ्या कलादालनाचा नकाशा पसरलाय.
एका कोपऱ्यावर मिठाची बरणी, दुसऱ्यावर काळा पाव,
तिसऱ्यावर माझं कोपर. चौथा कोपरा
हट्टी पोरासारखा पुन्हा पुन्हा गुंडाळी घेतो.

नव्या खुब्यावर तिला जमतात दोनशे पावलं,
मग बसावं लागतं. दोनशे म्हणजे दोनशे.
दोनशेएकाव्या पावलाला ती माझ्याकडे जशी बघते
तशी आमच्या लग्नात एकदाच बघितली होती,
आणि तेव्हाही चूक माझीच होती.

म्हणून चित्रं नंतर. आधी बाक.
डब्यातून सुके वाटाणे काढलेत तिनं,
एका बाकाला एक वाटाणा.
पण नकाशात जिने आहेत, लिफ्ट आहे,
कोट टांगायची जागा आहे, कॉफीचा कप काढलाय,
बाक मात्र एकही नाही.
नकाशा काढणाऱ्याचे गुडघे तिशीतले असणार.

तिनं सरळ फोन लावला.
हिल्क्का नावाच्या बाईनं उचलला.
लोक विचारतात, बघण्यासारखं काय आहे;
हिनं विचारलं, "बसण्यासारखं काय आहे?"
पलीकडे जरा शांतता.
मग हिल्क्का म्हणाली, थांबा हं,
आणि फोन कानाला लावून निघालीच.
किल्ल्यांचा आवाज. लाकडी जमिनीवर टाचा.
तूलिक्की ओठांतल्या ओठांत मोजतेय,
बत्तीस, तेहतीस.

"पहिला बाक. चामड्याचा. पाठ टेकायला नाही.
समोर वादळी समुद्र, होडी, होडीत तिघं."
वाटाणा.
"दुसरा. एकशे ऐंशी पावलं, पण माझी टांग लांब आहे."
तूलिक्कीनं वीस वाढवली.
"समोर एक म्हातारी मासा साफ करतेय. मागे दार उघडं."
"ते कुठं उघडतं?"
चष्म्याची डबी वाजली. हिल्क्का जवळ गेली असावी.
"बाहेर. बाहेर बर्फ आहे, पण कडेनं वितळतोय."
वाटाणा.

तिसऱ्यापाशी टाचा थांबल्या.
"इथं सध्या काही नाही हो.
चित्र परगावी उसनं गेलंय.
भिंतीवर नुसता चौकोन, आजूबाजूपेक्षा जरा उजळ.
आणि दोन खिळे."

मला वाटलं, हा बाक आता गळणार.
तिनं तिथं दोन वाटाणे ठेवले.
फोनवर हात झाकून मला म्हणाली,
"इथं जास्त वेळ बसू.
इथं आपल्याला कळत नाही, असं तुला वाटणार नाही."

हे तिला कुणी सांगितलं?
मी तर महिनाभर एवढंच म्हणत होतो
की बस महाग आहे, की माझे चांगले बूट चावतात,
की तिकडे नुसतं सँडविचसुद्धा परवडायचं नाही.

छत्तीस वर्षं कोत्काच्या कागद गिरणीत
मी रिळं तपासली.
काम एकच, त्यावर काही नाही ना, ते बघायचं.
डाग नाही, सुरकुती नाही, माशीचा पाय नाही.
काही नसलेलं मला ओळखता येतं,
उजेडाला तिरकं धरून.
पण हे काही कुणाला तिकीट काढून दाखवायचं नसतं.

तर गुरुवार ठरला, सकाळची बस.
गुरुवारी आमच्या देशात वाटाण्याचं सूप,
शाळेत, बराकीत, घरोघर, आणि आमच्याकडे तर
तिच्या ऑपरेशनच्या आठवड्यातही मी केलं होतं, करपवून.
"या गुरुवारी चुकेल," ती म्हणाली,
आणि बाकांसकट नकाशा तसाच ठेवून झोपायला गेली.

पहाटे पाणी प्यायला उठलो
तर अनवाणी तळव्याला काहीतरी टोचलं.
चौथ्या कोपऱ्यानं डाव साधला होता,
एक बाक घरंगळून खाली आला होता.
कुठला, ते अंधारात कळेना.

उचलला. टेबलाला धरून
हळूच जमिनीवरच बसलो.
समोर फ्रिजचं दार. पांढरं.
खाली डाव्या कडेला
एक बारीक ओरखडा.